‘समाधानकारक खुलासा’ : मुळशी पेट्यातील पोलीस, रस्ता आणि स्वमग्न नागरिक

मुळशी आणि पोलीस या दोन शब्दांचा एकत्र उच्चार झाला की महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास साहजिकच १९२१ सालचे स्मरण होते. टाटा कंपनीच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्या लढ्याच्या साधनांत पोलीस दिसतो तो जमावापुढे उभा असलेला. एकट्या माणसापुढे उभा असलेला पोलीस मात्र इतिहासलेखनात क्वचितच येतो. वस्तुतः राज्यसंस्थेशी सामान्य माणसाचा जो संबंध येतो तो बहुधा याच दुसऱ्या प्रकारचा असतो. वाटेत कोणी हटकते व विचारते : कोण तू, कोठून आलास, कोठे चाललास? बहुतेकांच्या दृष्टीने हा प्रसंग क्षणाचा असतो. परंतु ज्यास या तीन प्रश्नांची उत्तरे अपेक्षित रीतीने व अपेक्षित वेळात देता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने तो क्षण धोक्याचा ठरतो. स्वमग्न व्यक्ती ही अशांपैकी एक होय. आणि तिच्या हाती वाहन असेल तर प्रसंगाचे गांभीर्य अधिकच वाढते.

‘स्वमग्नता’ हा मराठी शब्द अलीकडचा आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये व हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ मध्ये या अवस्थेची जी वर्णने प्रसिद्ध केली, त्यांतून पुढील सर्व शास्त्रीय चर्चा वाढली. शब्द सुबक असला तरी किंचित फसवा आहे. आपल्याच विचारात गढलेला मनुष्य असा त्याचा ध्वनी निघतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न व्यक्तींना भोवतालचे जग इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. शिट्टीचा कर्कश आवाज, डोळ्यांवर आलेला विजेरीचा झोत, दंडाला झालेला अनपेक्षित स्पर्श यांचा त्यांना असह्य त्रास होऊ शकतो. त्या वेळी कोणी कान झाकून घेतो, कोणी हात हलवीत राहतो, कोणी विचारलेला प्रश्नच जसाच्या तसा परत उच्चारतो, तर कोणी काहीच न बोलता निघून जाऊ लागतो. अनेकांना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून बोलणे कठीण जाते. मराठी भाषेत ‘नजर चुकविणे’ या वाक्प्रचारातच अपराधाचा आरोप दडलेला आहे, आणि पोलिसांच्या कागदपत्रांतील ‘उडवाउडवीची उत्तरे दिली’ हे ठरावीक वाक्य वृत्तपत्रांच्या वाचकांसही पाठ झालेले आहे. स्वमग्न व्यक्तीचे स्वाभाविक वर्तन आणि संशयिताचे म्हणून मानले गेलेले वर्तन यांत असे विलक्षण साम्य पडते. हे साम्य केवळ योगायोगाचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण कायद्यानेही दीर्घकाळ त्याला आधार दिलेला आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०९ या दृष्टीने मननीय आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेल्या, अथवा स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देऊ न शकणाऱ्या व्यक्तीकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्याचा अधिकार त्या कलमाने दंडाधिकाऱ्यास दिला होता. येथे गुन्हा घडलेला असण्याची आवश्यकता नव्हती. खुलासा न देता येणे एवढेच कारण पुरेसे होते. तो देण्याची शक्ती प्रत्येक माणसास सारखीच असते, असे गृहीत धरूनच ही रचना झाली होती. भटक्या जमातींना या तरतुदीचा जो जाच झाला त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्यांची वाणीच साथ देत नाही अशांना तो किती झाला याचा विचार मात्र झालेला दिसत नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ मध्येही सूर्यास्तानंतर विशिष्ट परिस्थितीत आढळलेल्या व स्वतःच्या उपस्थितीचा समाधानकारक खुलासा देऊ न शकणाऱ्या व्यक्तीस वॉरंटाशिवाय पकडण्याची तरतूद आहे. तो अधिनियम आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेने कलम १०९ मधील खुलाशासंबंधीचा भाग वगळला. कायद्यातून शब्द गेले; ठाण्याच्या लेखनपद्धतीतून ते गेले असे मात्र म्हणता येत नाही.

याच्या जोडीने कायद्याचा दुसरा प्रवाह चालला होता, तो वेड्यांसंबंधीचा. १८५८ च्या छत्तिसाव्या अधिनियमाने भटकताना आढळलेल्या व वेडा वाटणाऱ्या माणसास पकडून दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे काम पोलिसांवर सोपविले. १९१२ च्या भारतीय वेड्यांसंबंधी अधिनियमाच्या तेराव्या कलमात तीच कल्पना कायम राहिली. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने भाषा सौम्य केली. परंतु खरा पालट झाला तो २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने. त्याच्या कलम १०० प्रमाणे अशा व्यक्तीस ‘संरक्षणाखाली’ घ्यावयाचे असते, तिला त्याची कारणे सांगावयाची असतात, २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोहोचवावयाचे असते, आणि कोणत्याही स्थितीत कोठडीत ठेवावयाचे नसते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि हा कायदा मानसिक आजारासंबंधीचा आहे आणि स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे. तेव्हा एकशे साठ वर्षांच्या या प्रवाहात स्वमग्न व्यक्ती सापडली असेल तर ती चुकीच्या नावाखाली सापडली असणार. जनगणनेची साक्षही अशीच आहे. १८७२ पासून १९३१ पर्यंत वेडे, मुके-बहिरे, आंधळे व महारोगी अशी व्यंगांची गणना होत असे. पुढे ती बंद पडून कित्येक दशकांनी, १९८१ मध्ये, निराळ्या स्वरूपात परतली. २०११ च्या गणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते, परंतु स्वमग्नतेस त्यांतही स्वतंत्र स्थान नव्हते.

आता मुळशीकडे वळावयास हवे. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये मुळशी हा हवेली तालुक्याचा एक पेटा म्हणून येतो. त्याचे ठाणे पौड येथे होते व आजही तालुक्याचा कारभार तेथूनच चालतो. पौड खोरे, मुठे खोरे ही मावळची जुनी विभागणी डोंगरांनी केलेली होती. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणे सायासाचे होते आणि बाहेरचा माणूस आला तर तो सर्वांना दिसे. अशा प्रदेशात पोलिसी सत्ता गावापर्यंत पोहोचली ती पोलीस पाटलाच्या रूपाने. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने त्याच्या अधिकारांना कायद्याची चौकट दिली. पुढे वंशपरंपरागत पाटीलकी संपल्यावर १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद नव्या पायावर उभे केले. या पदाचे बळ ओळखीत होते. अमक्याचा मुलगा बोलत नाही, तमक्याचा भाऊ हाक मारली की पळतो, हे पाटलास सांगावे लागत नसे. खुलासा त्या व्यक्तीने देण्याऐवजी गाव देत असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जे गाव खुलासा देई तेच गाव अशा माणसास ‘येडा’, ‘खुळा’ अशी नावेही ठेवी. शेजारच्या खोऱ्यात तो गेला की ती ओळख निरुपयोगी ठरे. शिवाय ओळखीवर चालणारे संरक्षण हे उपकाराच्या स्वरूपाचे असते. ते मागता येत नाही व नाकारले गेल्यास दादही मागता येत नाही. तरीही संवादाच्या दृष्टीने एक गोष्ट मान्य करावी लागते. पोलिसास समोरच्या माणसाविषयीची आवश्यक माहिती भेटीपूर्वीच असे. रस्त्याने नेमकी हीच गोष्ट हिरावून घेतली.

मोटार आली ती आपला स्वतंत्र कायदा घेऊन. १९१४ मध्ये अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला मोटार वाहन अधिनियम झाला. १९३९ मध्ये त्याची जागा अधिक विस्तृत अधिनियमाने घेतली. या कायद्याने चालकावर दोन बंधने घातली : गणवेशातील पोलिसाने मागताच परवाना दाखविला पाहिजे, आणि परवाना मिळण्यासाठी शरीर विशिष्ट कसोटीस उतरले पाहिजे. १९३९ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात अपस्मार, वेड, नेहमीचा ध्वनिसंकेत ऐकू न येण्याइतका बहिरेपणा, तांबडा व हिरवा हे रंग न ओळखता येणे, रातांधळेपणा इत्यादी अपात्रता दिल्या होत्या. अपंगांसाठी एकच फट ठेवली होती, ती खास त्यांच्यासाठी बांधलेल्या गाडीची. अशी गाडी मुळातच त्या हेतूने बनविलेली असावी, केवळ फेरबदल केलेली नसावी, अशी अट १९३९ च्या व्याख्येत होती आणि १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातही ती तशीच उतरली. ज्या देशात अशा गाड्या फारशा बनतच नव्हत्या तेथे या तरतुदीचा उपयोग किती झाला असेल हे उघड आहे. घरच्या स्कूटरला जादा चाके जोडून घेणाऱ्या असंख्य अपंगांचे वाहन या व्याख्येत बसत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने ‘फेरबदल केलेले वाहन’ कायद्याच्या व्याख्येत आणले, तेव्हा कोठे वस्तुस्थितीची व कायद्याची गाठ पडली.

बहिऱ्या व्यक्तींचा लढा या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. राष्ट्रीय बधिर संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये बहिऱ्या अर्जदारास चाचणी देऊ द्यावी व तो उत्तीर्ण झाल्यास परवाना द्यावा असे ठरविले. २०१६ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना त्या आशयाची सूचना केली. २०२० मध्ये सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही परवान्याची वाट मोकळी झाली. या प्रत्येक टप्प्यावर वाद होता तो चालविण्याच्या क्षमतेचा. अडविले गेल्यावर संवाद कसा होणार हा प्रश्न कोणत्याच टप्प्यावर विचारला गेला नाही. बहिऱ्या चालकास परवाना मिळाला. नाकाबंदीवरील हवालदारास मात्र त्याच्याशी कसे बोलावे याची दीक्षा त्या निर्णयाबरोबर मिळाली नाही. स्वमग्नतेचे नाव परवान्याच्या अपात्रतांत कधीच नव्हते. तथापि अर्जाच्या नमुन्यात ज्यामुळे वाहन चालविणे लोकांस धोक्याचे ठरेल असा अन्य कोणताही रोग वा अपंगत्व आहे काय, असा प्रश्न असे. त्यास काय उत्तर द्यावे, या विवंचनेत अनेक कुटुंबांनी मौन पत्करले असल्यास नवल नाही. अपात्रतांच्या यादीचा इतिहास पाहता ते मौन शहाणपणाचेही होते.

स्वमग्न व्यक्तींच्या हक्कांची चळवळ मुख्यत्वे पालकांनी उभारली. मतिमंद मुलांच्या शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात त्याहून जुनी. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ ची, तर पुण्याची कामायनी १९६४ ची. परंतु स्वमग्नतेचा वेगळा विचार होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. दिल्लीत १९९१ मध्ये मातांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’चे कार्य सुरू झाले, मुंबई-पुण्यातही पालकांचे गट उभे राहिले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता होती, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिचा प्रथम नामनिर्देश केला. तो कायदा प्राधान्याने पालकत्वाचा व सांभाळाचा होता. म्हणजे ज्यास कोणीतरी सांभाळावयाचे आहे असा मनुष्य त्याच्या डोळ्यांपुढे होता, स्वतः वाहन चालवून कामावर जाणारा नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला, न्यायप्राप्तीसाठी व्यक्तीच्या पसंतीच्या भाषेत व संवादसाधनाने म्हणणे नोंदविण्याची सोय सांगितली, आणि कलम ४७ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय अनिवार्य केला. हे कलम या साऱ्या इतिहासातील कळीचे होय. पण त्याची चर्चा नोकऱ्यांतील राखीव जागांच्या तुलनेने फारच थोडी झाली आहे.

पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत तर सुधारणा याआधीच शिरली होती. २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत दिव्यांग पीडितेची फिर्याद तिच्या घरी वा तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाषाच्या अथवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदविणे बंधनकारक केले. साक्षीदार म्हणून दिव्यांग व्यक्तीस ठाण्यावर बोलाविण्यास बंदी घातली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग साक्षीदाराचे म्हणणे दुय्यम मानता येणार नाही असे बजावले, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या स्मृती तुकाराम बडदे खटल्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रांची योजना देशभर लागू केली. या सर्वांत एक समान सूत्र आढळते. व्यक्ती पीडित अथवा साक्षीदार असेल तर कायदा तिची वाट पाहतो. दुभाषा येईपर्यंत थांबतो. ती संशयित वा नियमभंग करणारी म्हणून रस्त्यावर उभी असेल तर तिला कोणीही थांबून विचारत नाही. नव्या संहितेत तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात दुर्बल व्यक्तीस अटक करण्यापूर्वी उपअधीक्षकाची परवानगी घ्यावी लागते खरी; परंतु ‘दुर्बल’ या शब्दात स्वमग्न तरुण बसतो की नाही हे संहिता सांगत नाही, आणि अटकेपूर्वीच्या दोन मिनिटांस ती तरतूद स्पर्शही करीत नाही.

त्या दोन मिनिटांचा विचार अमेरिकेत झाला तो कटू अनुभवातून. जुलै २०१६ मध्ये फ्लॉरिडातील नॉर्थ मायामी येथे रस्त्यावर बसलेल्या एका स्वमग्न तरुणास शांत करीत असलेल्या त्याच्या काळजीवाहकावर पोलिसाने गोळी झाडली. तरुणाच्या हातातील खेळण्यातला ट्रक शस्त्र समजला गेला होता. काळजीवाहक बचावला. २०१९ मध्ये टेक्सस राज्याने वाहननोंदणीच्या वेळी संवादातील अडचणीची नोंद स्वेच्छेने करण्याची सोय केली, जेणेकरून वाहनाजवळ जाण्यापूर्वीच पोलिसास ती कळावी. कनेक्टिकट राज्यात जानेवारी २०२० पासून ‘निळ्या पाकिटा’ची पद्धत सुरू झाली. परवाना, नोंदणी व विम्याचे कागद या पाकिटात ठेवावयाचे. पाकिटावर पोलिसाने कसे बोलावे व चालकाने काय करावे याच्या थोडक्या सूचना छापलेल्या असतात. पुढे इतर काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. पाकीट सामान्य आहे, पण त्यामागील कल्पना मार्मिक आहे. भारतातील दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र व्यक्तीस कोणते अपंगत्व आहे व किती टक्के आहे हे सांगते. निळे पाकीट तिच्याशी कसे बोलावे हे सांगते. हवालदारास टक्केवारीचा उपयोग नसतो. हळू बोलावे, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तरास वेळ द्यावा, स्पर्श करू नये, एवढे कळले तर पुरते.

ही पद्धत जशीच्या तशी उचलून आणता येईल असे समजणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. तेथील भय बंदुकीचे आहे. येथील प्रसंग चढलेल्या आवाजाचा, हात धरून खाली उतरविण्याचा, वाहनाची किल्ली काढून घेण्याचा असतो. तेथे चालक बंद मोटारीत बसलेला असतो व पाकीट समोरच्या कप्प्यात ठेवतो. येथे बहुसंख्य लोक दुचाकीवर असतात. २०१८ पासून परवान्याची व नोंदणीची दूरध्वनीसंचातील प्रत ग्राह्य धरली गेल्याने कागद जवळ बाळगण्याची सवयही सुटत चालली आहे. त्याहून मोठी अडचण विश्वासाची आहे. ज्या व्यवस्थेत नोंदीचा उपयोग अपात्र ठरविण्यासाठी झाला, तिच्या हाती आपल्या मुलाची नवी नोंद देण्यास पालक सहजासहजी धजणार नाहीत. म्हणून अशी खूण ऐच्छिक असावी, ती परवान्याच्या निर्णयाशी जोडली जाऊ नये, आणि ती नसणाऱ्यासही तीच वागणूक मिळावी, अशी मागणी करण्यास सबळ ऐतिहासिक कारण आहे.

मुळशीत ही गुंतागुंत एकाच तालुक्याच्या हद्दीत पाहावयास मिळते. कोळवण खोऱ्यात प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी १९९० च्या दशकात स्थापन झालेली ‘साधना व्हिलेज’ ही निवासी संस्था आहे. तिच्या परिसरात ओळखीचे जुने संरक्षण काही अंशी तरी शक्य आहे. त्याच तालुक्यातील हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या उद्योगांमुळे देशभरातून माणसे आली, आणि तेथील रस्त्यावर कोणी कोणास ओळखत नाही. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे लोटणाऱ्या वाहनांची गोष्टही निराळी नाही. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यावर हिंजवडी त्याच्याकडे गेली. पौड ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. पौडहून हिंजवडीस कामावर जाणारा तरुण अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर एका पोलीस दलाच्या अमलातून दुसऱ्याच्या अमलात जातो. पौड ठाण्याने त्याची ओळख ठेवली तरी ती पुढच्या नाक्यावर चालणार नाही. हा प्रश्न एखाद्या सहृदय ठाणेदाराच्या आवाक्यातील राहिलेला नाही. तो पोलीस महासंचालकांच्या कार्यालयातून निघणाऱ्या आदेशाचा व कलम ४७ खालील प्रशिक्षणाचा झाला आहे. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच, पौडपासून तासाभराच्या अंतरावर आहे.